अंगावर चढवलेली उद्याची रात्र

५ जून १९४४. इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यातला ग्रीनहॅम कॉमनचा विमानतळ. संध्याकाळचे साडेआठ वाजत आले आहेत, पण उत्तरेकडचा जून असल्यामुळे उजेड अजून चांगला आहे. अमेरिकी लष्कराच्या छायाचित्रकाराने टिपलेल्या या कृष्णधवल छायाचित्रात जनरल ड्वाइट आयझेनहॉवर हात उचलून काहीतरी सांगताहेत. समोर एक तरुण अधिकारी ताठ उभा आहे. त्याचा चेहरा काळपट माखलेला आहे, गळ्यात एक पाटी लटकते आहे आणि पाटीवर आकडा आहे २३. आजूबाजूला तशाच माखलेल्या चेहऱ्यांची, हेल्मेट घातलेली माणसं दाटीने उभी आहेत. हा अधिकारी म्हणजे लेफ्टनंट वॉलेस स्ट्रोबेल, १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमधल्या ५०२व्या पॅराशूट रेजिमेंटचा. त्याच दिवशी तो २२ वर्षांचा झाला होता. २३ हा त्याच्या विमानाचा क्रमांक. काही तासांनी ही माणसं अंधारात नॉर्मंडीवर उड्या टाकणार होती.

दुसऱ्या महायुद्धावरच्या बहुतेक पुस्तकांत हे छायाचित्र असतं, आणि ते सेनापतीसाठी पाहिलं जातं. एक छोटा वर्ग मात्र ते सैनिकांसाठी पाहतो. हा वर्ग रीएनॅक्टर मंडळींचा: जुन्या लढायांतला सैनिक आपल्या अंगावर उभा करणाऱ्यांचा. युरोप-अमेरिकेत असे हजारो लोक आहेत. कुणी नॉर्मंडीच्या वार्षिक सोहळ्यांत तळ ठोकतं, कुणी एअरसॉफ्टच्या मैदानात सहा मिलिमीटरच्या प्लास्टिक गोळ्या झाडणारी गारँड रायफल घेऊन उतरतं. अशा उभ्या केलेल्या सैनिकाला ते ‘इम्प्रेशन’ म्हणतात. मला या कलेविषयी मनापासून आदर आहे, आणि तिचं मर्म कुठल्या कपड्यांच्या यादीपेक्षा या एका छायाचित्रात जास्त स्पष्ट दिसतं असं वाटतं. म्हणून हे छायाचित्र त्यांच्या नजरेने, वरून खाली, वस्तू-वस्तू करत वाचायचं आहे.

इम्प्रेशन करणाऱ्याने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न असतो: कोण, कुठे, कधी? ‘अमेरिकी पॅराट्रूपर’ हे उत्तर चालत नाही. १९४३ च्या जुलैत सिसिलीत उतरलेला, १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीत उतरलेला आणि त्याच सप्टेंबरात हॉलंडमध्ये उतरलेला, ही तीन वेगळी माणसं आहेत. हॉलंडमध्ये उतरेपर्यंत उडीचा खास पोशाख जाऊन सर्वसाधारण सैन्याचा हिरवा एम-४३ पोशाख आला होता. आपल्या छायाचित्रात रेजिमेंट ठाऊक आहे, जागा ठाऊक आहे, वेळही ठाऊक आहे. इतकी नेमकी चौकट फार थोड्या युद्धछायाचित्रांना लाभते.

चेहऱ्यापासून सुरुवात करू. जळालेलं बूच, कोको आणि स्वयंपाकाचं तेल यांचं ते मिश्रण होतं, असं पुढे स्ट्रोबेलने सांगितलं आहे. चंद्रप्रकाशात कातडी चमकू नये म्हणून ते लावलेलं. आज तयार रंगाची डबी विकत मिळते, आणि ती वापरणाऱ्याचा चेहरा हमखास फार नीट दिसतो, रेषा आखल्यासारखा. छायाचित्रातले चेहरे तसे नाहीत. बोटांनी, घाईत, एकमेकांना हसत फासलेला तो लेप आहे. कुठे कानापर्यंत पोचलेला, कुठे हनुवटीपाशीच संपलेला. जो रीएनॅक्टर स्वयंपाकघरात जाऊन खरोखर कोको आणि तेल कालवतो, त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं की हा लेप डोळ्यांत उतरतो, कॉलरला लागतो आणि घामाबरोबर वास सोडतो.

मग हेल्मेट. लांबून ते साध्या पायदळाच्या एम-१ सारखंच दिसतं. जवळून पाहिलं की हनुवटीपाशी दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या पट्ट्या आणि त्यांना जोडलेला चामड्याचा पेला दिसतो. पॅराशूट उघडतं तेव्हा बसणाऱ्या हिसक्याने डोक्यावरचं हेल्मेट उडून जाऊ नये, म्हणून ही बांधाबांध. छत्रीधारी सैनिकांसाठी केलेल्या एम-२ हेल्मेटच्या पट्ट्या इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराच्या पक्क्या जोडलेल्या कड्यांना अडकत, आणि त्या कड्या आपटल्या की तुटत. पुढे हलत्या कड्यांचं एम-१सी आलं. ते अधिकृत झालं १९४५ च्या जानेवारीत. नॉर्मंडीच्या सैनिकाच्या डोक्यावर एम-१सी दिसलं की जाणकार मंडळी कपाळाला आठ्या घालतात, ते यासाठी. बाहेरच्या माणसाला हा किस पाडणं वाटेल. मला ते योग्य वाटतं. तुटणाऱ्या कडीमुळे त्या रात्री कुणाचं तरी हेल्मेट उडालं असणार. नंतरची सुधारलेली कडी लावणं म्हणजे त्याची अडचण आपण परस्पर मिटवून टाकणं.

या डिव्हिजनच्या हेल्मेटांच्या बाजूला पांढऱ्या रंगात पत्त्यांची चिन्हं रंगवलेली असत. ५०२व्या रेजिमेंटला बदाम, ५०६व्या रेजिमेंटला इस्पिक, ५०१व्या रेजिमेंटला चौकट, ग्लायडरने जाणाऱ्या ३२७व्या रेजिमेंटला किलवर. चिन्हाशेजारी घड्याळाच्या काट्याच्या जागी मारलेल्या छोट्या खुणेवरून बटालियन ओळखता येई. आणि जे दिसायला हवं ते कधीकधी दिसत नाही: युद्धकाळात प्रसिद्ध झालेल्या काही प्रतींमध्ये सेन्सॉरने खांद्यावरचं गरुडाचं बोधचिन्ह खोडून टाकलं होतं. शत्रूला डिव्हिजन कळू नये म्हणून. निव्वळ अशा प्रतीवरून कुणी बिनचिन्हाचं जाकीट शिवलं, तर तो छायाचित्राशी प्रामाणिक राहून इतिहासाशी खोटं बोलेल. छायाचित्र वाचायचं म्हणजे त्यावर फिरलेला सेन्सॉरचा हातही वाचायचा.

आता जाकीट. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण या एका कपड्यात एक अख्खी मोहीम शिवलेली आहे. १९४२ च्या नमुन्याचं हे खाकी जाकीट, म्हणून त्याला एम-४२ म्हणतात. त्याचे छातीवरचे खिसे तिरपे आहेत. सरळ उभं राहून पाहिलं तर ती निव्वळ ऐट वाटते. पण अंगावर पॅराशूटचे पट्टे आवळले की सरळ खिशात हात जात नाही, तिरप्या खिशात जातो. नॉर्मंडीसाठी तयार होणाऱ्या अनेक जाकिटांना कोपरांवर आणि खिशांच्या कडांना, विजारींना गुडघ्यांवर, गडद जाड कॅनव्हासचे तुकडे शिवलेले होते. आदल्या वर्षीच्या सिसिलीच्या उड्यांमध्ये हे कापड फाटलं, खिसे ठासून भरल्यावर उसवले, म्हणून इंग्लंडमधल्या तळांवर पॅराशूट दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी आपल्या यंत्रांवर ही ठिगळं लावली. कारखान्यातली एकसारखी शिलाई ती नव्हे. प्रत्येक तळाची, प्रत्येक हाताची थोडी वेगळी. चांगला इम्प्रेशन करणारा बाजारातून तयार ठिगळांचं जाकीट घेतो तेव्हा त्याला ती ठिगळं फार सफाईदार वाटतात, आणि मग तो ती उसवून पुन्हा शिवायला बसतो. या उद्योगाला वेड म्हणणारे म्हणोत. कापडावरची ती ओबडधोबड शिलाई म्हणजे आदल्या मोहिमेतून शिकलेला धडा आहे, तो यंत्रावर कसा छापणार?

गळ्यापाशी, बटणांच्या पट्टीत, आणखी एक अरुंद उभा खिसा आहे. त्याला दोन्ही बाजूंनी चेन, म्हणजे डावा-उजवा कुठलाही हात तिथे पोचावा. आत एका हाताने उघडणारा, कळ दाबली की पातं बाहेर येणारा चाकू. हा चाकू शत्रूसाठी नव्हता. पॅराशूट झाडात अडकलं, एक हात जायबंदी झाला किंवा दोऱ्यांत गुंतला, तर उरलेल्या हाताने स्वतःला कापून सोडवण्यासाठी होता. कुणीतरी टेबलापाशी बसून तो प्रसंग शेवटपर्यंत कल्पिला, आणि मग ती चेन गळ्याजवळ लावली. अमेरिकी टी-५ पॅराशूटचे पट्टे एका झटक्यात सुटत नसत, ब्रिटिशांचे सुटत. त्यामुळे ही कल्पना अवाजवी नव्हती.

मला या छायाचित्राविषयी जे सांगायचं आहे ते इथे येऊन ठेपतं. त्या संध्याकाळी या माणसांच्या अंगावर जे जे होतं, ते सगळं अजून न आलेल्या रात्रीविषयीचा अंदाज होता. हिसका बसेल, म्हणून हनुवटीचा पेला. झाडात अडकू, म्हणून गळ्यातला चाकू. पाण्यात पडू, म्हणून पिवळं फुगवायचं जाकीट. पकडले जाऊ, म्हणून सुटकेच्या पाकिटात रेशमी नकाशा, बोटाच्या पेराएवढं होकायंत्र, लहानशी करवत आणि फ्रेंच नोटा. आपण हा पोशाख युद्धाची आठवण म्हणून पाहतो. अंगावर घालणाऱ्यांसाठी त्यात आठवण थोडी होती, बाकी सगळा तर्क होता. इम्प्रेशनची खरी परीक्षा मला यात दिसते: घालणाऱ्याला निकाल ठाऊक आहे, पण त्याच्या कपड्यांना तो ठाऊक नसावा.

आणि काही तर्क साफ चुकले. या पोशाखांना विषारी वायूपासून बचाव म्हणून एका रसायनात भिजवून काढलं होतं. त्याने कापड कडक, तेलकट आणि गार होई; त्याचा उग्र वास अंगाला चिकटून राही. सैनिकांनी त्याला मनापासून शिव्या घातल्या. शिवाय प्रत्येकाकडे रबरी कापडाच्या पिशवीत वायूचा मुखवटा, आणि काहींच्या दंडावर वायू आला तर रंग बदलणारी कागदी पट्टी. नॉर्मंडीत वायू आलाच नाही. उतरल्यावर कित्येकांनी मुखवटे फेकून दिले. आज या पिशव्या आणि पट्ट्या हौसेने जमवल्या जातात, आणि त्या घातल्याच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. कारण न घडलेल्या गोष्टीची भीतीही त्या रात्रीचाच भाग होती. फक्त तो वास कुठे विकत मिळत नाही. घामेजलेलं, मेणकट, गार कापड पाठीला चिकटलं आहे ही जाणीव ज्याला नाही, त्याचा पोशाख डोळ्यांपुरता खरा आहे.

जो अंदाज अक्षरशः खरा ठरला तो हरवण्याचा. पितळी पत्र्याचं एक छोटं खेळणं, दाबलं की टक्-टक् वाजणारं, डिव्हिजनचे सेनापती मॅक्सवेल टेलर यांच्या सैनिकांना वाटलं गेलं. ते बर्मिंगहॅमच्या शिट्ट्या बनवणाऱ्या ॲक्मे कारखान्यात तयार झालं होतं. अंधारात एकाने एकदा वाजवायचं, समोरचा आपला असेल तर त्याने दोनदा. हेल्मेटवरचे बदाम-इस्पिकही त्यासाठीच: विखुरलेल्या माणसांना रेजिमेंटवार पुन्हा गोळा करता यावं म्हणून. किनारा ओलांडताच ढग आले, विमानविरोधी मारा सुरू झाला, वैमानिक वेग वाढवून रांगेबाहेर गेले, आणि त्या रात्री उतरलेल्या सुमारे १३,००० अमेरिकी छत्रीधारींपैकी फार थोडे नेमून दिलेल्या जागी पडले. कुंपणांच्या झाडोऱ्यात ते टक्-टक् खरोखर वाजलं. आज ही खेळणी नॉर्मंडीतल्या संग्रहालयांच्या दुकानांत मिळतात. मुलं ती दिवसभर वाजवत हिंडतात. रीएनॅक्टरने ते खिशात ठेवावं आणि वाजवू नये. १०१व्या डिव्हिजनला ते मिळालं, त्याच रात्री उतरलेल्या ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये त्याचा सर्रास वापर नव्हता. इतका साधा फरकही पुष्कळदा निसटतो.

छायाचित्रात काय नाही, हेही पाहायला हवं. पॅराशूट अजून चढवलेलं नाही. ते चढल्यावर याच माणसांना धड चालता येणार नव्हतं. कित्येकांच्या अंगावर ४० किलोंहून जास्त ओझं झालं, विमानात चढायला मागून ढकलावं लागलं. शेवटच्या दिवसांत ब्रिटिशांकडून पायाला बांधायच्या पिशव्या आल्या. त्यांत शस्त्रं आणि दारूगोळा भरायचा, उडी मारल्यावर पिशवी दोरीने खाली सोडायची. विमानं ठरल्याहून वेगात होती. हवेच्या झोताने पिशव्या तुटून अंधारात गेल्या. ५०६व्या रेजिमेंटचे लेफ्टनंट रिचर्ड विंटर्स जमिनीवर पोचले तेव्हा त्यांच्याकडे रायफल नव्हती, चाकू होता. म्हणजे एकाच सैनिकाची निदान तीन रूपं होतात: ५ जूनच्या संध्याकाळचा, मध्यरात्री विमानाच्या दारातला, आणि ७ जूनचा, ज्याचं अर्धं सामान गेलं आहे, मुखवटा फेकला आहे, कुणाच्या तरी दुसऱ्याच्या रायफलीने काम चालवतो आहे. सोहळ्यांत मला बहुतेक पहिलं रूप दिसतं, कारण त्यात जमवलेल्या सगळ्या वस्तू दाखवता येतात. तिसरं रूप करायला धाडस लागतं. महागामोलाच्या वस्तू घरी ठेवून, रिकाम्या हाताने, फाटक्या खिशाने बाहेर पडायचं. पण उत्तम इम्प्रेशन मी तेच मानतो.

एअरसॉफ्टवाल्यांना या वर्तुळात थोडं खालचं मानलं जातं. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असतो, तो १९४४ मध्ये नव्हता. गारँडच्या पोटात बॅटरी असते. आठ गोळ्या संपल्यावर क्लिप उडतानाचा तो प्रसिद्ध आवाज येत नाही. तरीही त्यांची बाजू मला घ्यावीशी वाटते. तळावर तंबूपुढे उभ्या असलेल्या माणसाला तिरप्या खिशाचं कारण पुस्तकातून कळतं. झुडपात पोटावर सरपटणाऱ्याला ते हाताला कळतं. अर्धं भरलेलं पाण्याचं कॅन्टीन धावताना किती आवाज करतं, हनुवटीची पट्टी सैल असली तर हेल्मेट नाकावर कसं येतं, खांद्यावरची पिशवी कुठे घासते, हे ज्ञान घाम गाळूनच मिळतं. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकांच्या विक्रीवर बंधनं आली, तेव्हा ऐतिहासिक प्रयोगांबरोबर एअरसॉफ्टच्या खेळालाही सवलत ठेवली गेली. ती उचित होती.

छायाचित्रातला सगळ्यांत कमी सामान असलेला माणूस सेनापती आहे. साधा गणवेश, डोक्यावर घडीची टोपी, कमरेला काही नाही. पण त्यांच्याही खिशात त्या रात्रीविषयीचा एक अंदाज होता. त्याच दिवशी आयझेनहॉवर यांनी स्वतःच्या हाताने एक लहानसं निवेदन लिहून ठेवलं होतं: उतरणं फसलं, सैन्य मागे घेतलं, दोष कुणाचा असेल तर तो फक्त माझा, अशा आशयाचं. तारखेच्या जागी त्यांनी चुकून ५ जुलै लिहिलं. ते वापरायची वेळ आली नाही. पुढे जुलैत त्यांच्या सहायकाला ते सापडलं. हवाई दलांचे प्रमुख ली-मॅलरी यांनी छत्रीधारींची भयंकर हानी होईल असं आधीच बजावलं होतं. तो इशारा मनात आणि ते निवेदन खिशात घेऊन हा माणूस इथे आला होता, आणि बोलत काय होता? स्ट्रोबेलला त्यांनी गाव विचारलं, तो मिशिगनचा निघाला, आणि गोष्ट मिशिगनमधल्या मासेमारीवर गेली. हवेत उचललेला तो हात आक्रमणाचा आदेश देत असावा असं पिढ्यान्‌पिढ्या वाटत आलं आहे. तो बहुधा गळ टाकत होता. पोशाख हुबेहूब करणाऱ्यांनी इथे ध्यानात घ्यावं की त्या तरुणांच्या चेहऱ्यावर शौर्याचा आव नाही. एक जण ऐकतो आहे, बाकीचे वाकून ऐकायचा प्रयत्न करताहेत. छायाचित्र काढून घेताना जबडा आवळणारा रीएनॅक्टर इतक्या कष्टाने शिवलेली ठिगळं वाया घालवतो.

हीच वाचनाची रीत त्याच उन्हाळ्यातल्या एका मराठी सैनिकाला लावून पाहावी असं मला फार वाटतं. स्ट्रोबेलच्या उडीनंतर पाच आठवड्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह जर्मन मशीनगनच्या माऱ्यात सापडले. रायगडमधल्या माणगाव तालुक्याचे घाडगे तेव्हा २२ वर्षांचे होते. तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे चालून गेले, ग्रेनेडने मशीनगनपाशी बसलेल्याला टिपलं, दुसऱ्याला टॉमीगनने. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून नळी धरून तीच बंदूक त्यांनी सोट्यासारखी चालवली आणि उरलेल्या दोघांना संपवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

युरोपात ब्रिटिश-भारतीय सैनिकांचं इम्प्रेशन करणारे आता दिसू लागले आहेत. त्यांच्यापुढे ग्रीनहॅम कॉमनसारखं तपशीलवार छायाचित्र नाही, पण घाडगे यांच्या पदकाच्या नोंदीतलं मॅगझिनचं ते वाक्य तितकंच बोलकं आहे. १९३७ च्या नमुन्याच्या वेबिंगला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्या-पिशव्यांच्या साजाला, छातीवर दोन मोठ्या पिशव्या असत, मुळात ब्रेन या हलक्या मशीनगनच्या मॅगझिनच्या मापाने शिवलेल्या. टॉमीगनची मॅगझिन त्यांतच भरायची. ज्याला टायबरकाठचा मराठा सैनिक उभा करायचा आहे, त्याने टोपीच्या आणि बिल्ल्यांच्या आधी या पिशवीपासून सुरुवात करावी. ती भरून अंगावर बांधावी, चढावर धावावं, एका हाताने तिचं झाकण उघडून मॅगझिन काढायचा प्रयत्न करावा, आणि त्याला किती वेळ लागतो ते मोजावं.